संशोधन-प्रकल्प लिहिताना संगणकीय साधने कोणत्या क्रमाने वापरावीत

पदव्युत्तर वर्गाचे प्रकल्प तपासताना दर वर्षी त्याच चुका त्याच जागी सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेक विषयाच्या आकलनातल्या नसतात. मजकुरात ‘कुलकर्णी, १९९८’ असा उल्लेख असतो, पण संदर्भसूचीत त्या नावाची नोंदच नसते. अनुक्रमणिकेत तिसरे प्रकरण ४१व्या पानावर असते आणि उघडून पाहावे तर ते ४६व्या पानावर सुरू होते. साम्य तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का हे पाहणाऱ्या संगणकीय तपासणीचा, अहवाल शून्य टक्के येतो, कारण संगणकाला त्या फाइलमधले एकही मराठी अक्षर वाचता आलेले नसते. या सगळ्यामागे एक उलटा क्रम आहे. विद्यार्थी आधी सर्व लिहून काढतात, मग ते पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात टंकलेखनाला देतात, मग संदर्भ आठवून आठवून जमवतात आणि प्रकल्प जमा करण्याच्या दोन दिवस आधी साम्य तपासणीला पाठवतात. यातली जवळजवळ सर्व साधने पहिले वाक्य लिहिण्याआधी लावून ठेवायची असतात. पुढचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उदाहरणासाठी सुमारे ८० पानांचा एक मराठी प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू : महात्मा फुले मंडईतील भाजी विकणाऱ्या महिलांचे दैनंदिन अर्थकारण. त्यात पुस्तके, इंग्रजी शोधनिबंध, महानगरपालिकेचे अहवाल आणि मुलाखती असे चारही प्रकारचे साहित्य येते, त्यामुळे अडचणीही सर्व प्रकारच्या येतात.

टप्पा १ : नियम लेखी मिळवणे

संगणक सुरू करण्यापूर्वी विभागाकडून किंवा मार्गदर्शकांकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : फॉन्ट आणि त्याचा आकार, समास व ओळींमधील अंतर, संदर्भ देण्याची शैली, साम्याची कमाल मर्यादा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतचा नियम. मागील वर्षीच्या प्रकल्पाची प्रत समोर ठेवून तसेच करणे सोपे वाटते, परंतु त्या प्रतीतल्या चुकाही त्याबरोबर उचलल्या जातात. एकाच महाविद्यालयातील दोन विभागांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून शेजारच्या विभागातील मैत्रिणीचे उत्तर प्रमाण मानू नये.

टप्पा २ : लिपी, फॉन्ट आणि कळफलक

या टप्प्याला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण इथली चूक शेवटपर्यंत दिसत नाही आणि दिसते तेव्हा दुरुस्तीला आठवडा लागतो.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, लिहावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली अक्षरे रोमन असतात. कृतिदेवमध्ये ‘पुणे’ हा शब्द आय, क्यू, टिंब, के, एस अशा पाच खुणांनी साठवला जातो, आणि फॉन्ट बदलला की नेमक्या त्याच खुणा समोर येतात. साम्य तपासणारी यंत्रणा, शब्द शोधण्याची सोय, संदर्भ-व्यवस्थापक (संदर्भ साठवून सूची करून देणारा प्रोग्राम) यांतले कोणीही त्या खुणांना ‘पुणे’ म्हणून ओळखत नाही. शून्य टक्क्यांचा तो अहवाल इथून येतो. टंकलेखनाच्या दुकानात काम देणे भागच असेल, तर ‘युनिकोडमध्ये हवे’ हे आधी सांगावे, आणि पहिले एक पान करून घेऊन ते आपल्या संगणकावर उघडून पाहावे.

कळफलक एकच निवडावा. ज्यांना पुढेही लिहायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक, शिकावा, असे माझे मत आहे. सुरुवातीचे पंधरा दिवस हात अडखळतो, पण नंतर अक्षराची जागा पाहावी लागत नाही. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी विंडोजमधला मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबण्याचा) कळफलक घ्यावा. मात्र कोणताही कळफलक घेतला तरी दोन अक्षरांची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी.

पहिले अक्षर म्हणजे अर्धचंद्रासारखा ‘ऱ’. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. आपल्या उदाहरणात तर ‘विकणाऱ्या’, ‘शेतकऱ्यांकडून’, ‘व्यापाऱ्यांना’ हे शब्द प्रत्येक पानावर येणार. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ दाबल्यास नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ येतो. त्यानंतर हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि मग ‘य’ दिला की ‘ऱ्य’ तयार होतो.

दुसरे अक्षर ‘ॲ’. हे दोन प्रकारे लिहिले जाते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरे ‘अ’ला चंद्राची खूण जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द असतात. अर्धा मजकूर फोनवर आणि अर्धा संगणकावर लिहिला, तर ‘ॲप’ हा शब्द शोधल्यावर अर्ध्याच जागा सापडतात आणि बाकीच्या तशाच राहून जातात.

त्यानंतर फॉन्ट. देवनागरीसाठी नोटो सेरिफ देवनागरी किंवा मंगल यांसारखा सहज मिळणारा फॉन्ट घ्यावा. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्ही लेखन-प्रोग्रामांमध्ये देवनागरीचा फॉन्ट व आकार रोमन अक्षरांपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. वर्डच्या फॉन्ट चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो, तर लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करावे लागते. ‘मी आकार १४ केला, तरी मराठी अक्षरे लहानच राहतात’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वर्गात येते आणि तिचे उत्तर याच चौकटीत असते. मजकुराची भाषाही हिंदी न ठेवता मराठी ठेवावी. ज्या फॉन्टांत तशी सोय असते त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्यामुळेच उमटतात, आणि शुद्धलेखन तपासणारा मराठी शब्दकोश बसवला असेल तर तोही तेव्हाच काम करतो.

पडताळणी : ‘पुणे, व्यापाऱ्यांना, ॲप, क्षेत्र, ज्ञान, शृंखला’ एवढे शब्द लिहून फाइल जतन करावी, दुसऱ्याच्या संगणकावर उघडावी आणि प्रत्येक शब्द शोधून पाहावा. सहाही शब्द नीट दिसले आणि सापडले, तरच पुढे जावे.

टप्पा ३ : संदर्भांचा संग्रह

यासाठी झोटेरो हे मोफत साधन पुरेसे आहे. ते वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींशी जोडता येते. मूळ कार्यक्रम आणि ब्राउझरमधली त्याची जोडणी, दोन्ही बसवावे लागतात. प्रकल्पाच्या नावाने एक कलेक्शन करावे आणि त्यात पुस्तके, शोधनिबंध, अहवाल व वृत्तपत्रीय मजकूर असे उपविभाग करावेत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंध, मराठी विश्वकोशातील नोंदी, पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून किंवा गोखले संस्थेच्या ग्रंथालयातून पाहिलेली पुस्तके, यांतले काहीही हातात आले की त्याच दिवशी त्याची नोंद झाली पाहिजे.

ब्राउझरमधून एका क्लिकवर आलेली नोंद बरोबरच असते, हा समज काढून टाकावा. प्रत्येक नोंद आल्याबरोबर पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहावी लागते. मराठी साहित्याच्या बाबतीत तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो.

एक, व्यक्तीचे नाव. आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले पाहिजे. हे उलटे झाले तर सूचीत लेखिका वडिलांच्या नावाने लागते.

दोन, संस्थेचे नाव. लेखक म्हणून ‘पुणे महानगरपालिका’ असे दोन रकान्यांत लिहिले गेले, तर सूचीत ‘महानगरपालिका, पुणे’ अशी नोंद छापली जाते. ‘महाराष्ट्र शासन’चेही तेच होते. नावाच्या रकान्याशेजारील बटण दाबून एकच रकाना करावा आणि पूर्ण नाव त्यात लिहावे.

तीन, वर्ष. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांपुरते ७९ मिळवावे लागतात. शके १८२० म्हणजे इ. स. १८९८-९९. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षे अशीच जोडून लिहावीत.

सावधान : कोणत्याही संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘या विषयावरचे दहा संदर्भ दे’ असे विचारून मिळालेली यादी थेट संग्रहात घालू नये. अशी साधने खऱ्या वाटणाऱ्या लेखकाचे नाव, खरे वाटणारे नियतकालिक आणि पृष्ठांक जुळवून अस्तित्वातच नसलेला निबंध तयार करतात. जे आपण उघडून पाहिले आहे तेवढेच संग्रहात जावे.

टप्पा ४ : वाचन आणि टिपणे

वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणे लेखनाच्या वेळी घडत नाहीत, ती टिपणे काढताना घडतात. फेब्रुवारीत वहीत उतरलेले वाक्य आपले की पुस्तकातले, हे एप्रिलमध्ये कुणालाच सांगता येत नाही. म्हणून टिपणांचे तीन प्रकार रंगांनी वेगळे ठेवावेत : जसेच्या तसे अवतरण, आपल्या शब्दांत मांडलेला लेखकाचा मुद्दा, आणि आपला स्वतःचा विचार. झोटेरोच्या पीडीएफ वाचकात रंगीत खुणा करता येतात, आणि त्या खुणांपासून टिपण तयार केले की पृष्ठांक आपोआप सोबत येतो.

तो पृष्ठांक मात्र तपासावा. स्कॅन केलेल्या पुस्तकात मुखपृष्ठ व प्रस्तावना धरून पीडीएफचे ३०वे पान हे छापील पुस्तकाचे १४वे पान असू शकते, आणि संदर्भात छापील पृष्ठांकच द्यायचा असतो.

जुन्या मराठी पुस्तकाच्या छायाचित्रातून मजकूर काढायचा असेल, तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडावी. अक्षर-ओळख बरीच चांगली होते, तरीही काही चुका हमखास राहतात. ‘ख’चा ‘रव’ होतो आणि ‘खरेदी’ची ‘रवरेदी’ बनते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ यांची अदलाबदल होते. अनुस्वार उडतो आणि अर्थ बदलतो. असे अवतरण मूळ पान शेजारी ठेवून अक्षरश: वाचल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नये.

मुलाखतींसाठी फोनवरील मराठी श्रुतलेखन, म्हणजे बोललेले आपोआप टाइप होण्याची सोय, उपयोगी पडते, पण मंडईतल्या गोंगाटात केलेल्या ध्वनिमुद्रणावर ते चालत नाही. घरी येऊन, मुद्रण ऐकत, स्वतः मोठ्याने बोलून ते लिहून घेणे हा मार्ग मला अधिक विश्वासाचा वाटतो. मुलाखत देणाऱ्या बाईंचे खरे नाव आणि गाळ्याचा क्रमांक फाइलमध्ये न ठेवता सांकेतिक क्रमांक द्यावा, आणि ती मुलाखत सारांश करून घेण्यासाठी कोणत्याही बाहेरच्या संकेतस्थळावर चढवू नये. त्यांनी ती आपल्यावरील विश्वासाने दिलेली असते.

टप्पा ५ : फाइलची चौकट

आता रिकामी फाइल उघडावी, मात्र लगेच लिहायला बसू नये. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग वन’, उपविभागाला ‘हेडिंग टू’ आणि नेहमीच्या मजकुराला ‘नॉर्मल’ अशा शैली लावाव्यात व प्रत्येक शैलीचा फॉन्ट, आकार आणि अंतर तिथेच ठरवावे. शीर्षक ठळक व मोठे करून घेणे म्हणजे शैली लावणे नव्हे. तसे केल्यास अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही आणि पाने हाताने लिहावी लागतात. सुरुवातीला उल्लेख केलेला ४१ आणि ४६ पानांचा घोळ त्यातूनच झालेला असतो.

प्रकरणे रिकामी असतानाच त्यांची शीर्षके टाकून अनुक्रमणिका घालावी. प्रारंभीची पाने आणि मुख्य मजकूर यांच्यामध्ये ‘सेक्शन ब्रेक’ द्यावा, म्हणजे दोन्हींचे पृष्ठांक वेगळे ठेवता येतात. साधा ‘पेज ब्रेक’ यासाठी चालत नाही. तक्त्यांना आणि आकृत्यांना ‘इन्सर्ट कॅप्शन’मधूनच क्रमांक द्यावेत, कारण मध्ये एखादा तक्ता वाढला की पुढचे क्रमांक बदलतात आणि हाताने दिलेले क्रमांक तसेच राहतात.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-खरी’ अशी नावे दिली की दोन आठवड्यांनी कोणती खरी ते कळत नाही. रोजच्या कामाच्या तीन प्रती हव्यात : एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन.

टप्पा ६ : लेखन आणि संदर्भ एकाच वेळी

वाक्य पूर्ण झाले की त्याच क्षणी झोटेरोच्या पट्टीवरून संदर्भ घालावा आणि पृष्ठांक त्याच चौकटीत द्यावा. ‘नंतर भरू’ म्हणून कंसात नाव टाइप करून ठेवलेले संदर्भ सूचीशी कधीच जोडले जात नाहीत. संदर्भसूचीदेखील हाताने लिहू नये. ती झोटेरोकडून घालून घेतली की मजकुरात असलेलेच संदर्भ सूचीत येतात आणि सुटलेला ‘कुलकर्णी, १९९८’ सूचीबाहेर राहत नाही.

शैली इंग्रजीवर बेतलेली असल्यास मराठी नोंदींमध्येही ‘संपादक’ किंवा ‘आणि’ यांच्या जागी इंग्रजी शब्द उमटतात. ते मध्येच हाताने बदलू नयेत, कारण सूची ताजी केली की ते परत येतात. हे काम शेवटच्या प्रतीवर करायचे आहे.

सावधान : एकच प्रोग्राम निवडावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्डमधील ६० पानांची फाइल प्रवासात फोनवर दुरुस्त करण्यासाठी गूगल डॉक्समध्ये रूपांतरित केली आणि पुन्हा उतरवून घेतली. मजकूर जसाच्या तसा होता, पण शंभराहून अधिक संदर्भांचे झोटेरोशी असलेले नाते तुटले होते. ते पुन्हा जोडण्यात आम्हा दोघींचे चार दिवस गेले. प्रोग्राम बदलणे अटळच असेल, तर झोटेरोमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे आणि आधी ती वापरावी लागते.

भाषा सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची परवानगी असेल, तर ती परिच्छेद लिहून झाल्यावर, चुका दाखवून घेण्यापुरतीच वापरावी आणि तसा उल्लेख प्रस्तावनेत करावा. तिच्याकडून लिहून घेतलेली मराठी वाक्ये पुष्कळदा इंग्रजी वळणाची असतात. ‘ही बाब महत्त्वाची भूमिका बजावते’ अशा वाक्यांनी भरलेले प्रकरण परीक्षकाला दोन पानांत ओळखू येते.

टप्पा ७ : मार्गदर्शकांच्या सूचना

प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे दाखवावे आणि ‘ट्रॅक चेंजेस’ (प्रत्येक बदल खूण करून दाखवणारी सोय) सुरू ठेवून दुरुस्त्या घ्याव्यात. सूचना अमलात आणल्यावर ती टीप लगेच पुसू नये. पुढच्या भेटीत सरांना किंवा मॅडमना ती दाखवून मगच बंद करावी.

टप्पा ८ : साम्य तपासणी

तपासणीला किमान तीन आठवडे आधी पाठवावे, म्हणजे दुरुस्तीला अवधी राहतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातूनच ती करून घ्यावी. मोफत तपासून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर मजकूर चढवू नये, कारण तो तिथे साठवला गेला तर पुढे आपलाच मजकूर आपल्याशी जुळतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंध व लघुप्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांना गणनेतून वगळण्याची तरतूद त्यात आहे, म्हणून ही वगळणी अहवालात झाली आहे का, ते पाहावे. विभागाची स्वतःची मर्यादा याहून कडक असू शकते.

शक्य असल्यास तपासणीसाठी वर्डची फाइल द्यावी. देवनागरी पीडीएफमधून मजकूर काढताना ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे विस्कटतात, त्यामुळे अहवाल भरवशाचा राहत नाही.

आकडा कमी करण्यासाठी शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालणे ही चुकीची दुरुस्ती आहे. अहवालातील प्रत्येक रंगीत ओळ उघडून पाहावी. ते अवतरण असेल तर अवतरणचिन्हे व पृष्ठांक द्यावा, आणि मुद्दा उसना असेल तर पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडावा व संदर्भ द्यावा. इंग्रजी निबंधातून केलेले भाषांतर तपासणीत बहुधा सापडत नाही, पण संदर्भाशिवाय दिलेले भाषांतर हेही चौर्यच आहे, आणि विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते.

टप्पा ९ : अंतिम प्रत

इथे क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. आधी सर्व ट्रॅक चेंजेस स्वीकारावेत आणि टिपा काढाव्यात. मग झोटेरोतून संदर्भ ताजे करावेत. त्यानंतर फाइलची नवी प्रत करून, फक्त त्या प्रतीत, संदर्भांची जोडणी सोडवावी आणि सूचीतले इंग्रजी शब्द मराठीत आणावेत. मूळ जोडलेली फाइल तशीच जपून ठेवावी, कारण मौखिक परीक्षेनंतर दुरुस्त्या आल्या तर काम तिच्यावरच करावे लागते. सर्वांत शेवटी वर्डमध्ये पूर्ण मजकूर निवडून एफ-९ दाबावे आणि अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी व क्रमांक अद्ययावत करून घ्यावेत.

छपाईला वर्डची फाइल नेऊ नये. दुकानातल्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात आणि आत्ताच जुळवलेले सगळे पृष्ठांक चुकतात. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ न्यावी, आणि पूर्ण प्रती काढण्याआधी चारच पाने छापून पाहावीत : मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एखादा तक्ता असलेले पान आणि संदर्भसूचीचे पहिले पान. बांधणीच्या बाजूचा समास पुरेसा आहे का, ते त्याच पानांवर पट्टी लावून मोजावे आणि मगच उरलेल्या प्रती छापायला सांगाव्यात.